चोपन्न पैशांचा सज्जन

स्कूटरचा इन्शुरन्स रिन्यू करायला बसलो आणि स्वतःची किंमत कळली. दिवसाला चोपन्न पैसे.

हिशेब असा. गाडी एकशे दहा सीसीची, वय वर्षं नऊ. मागे एकदा पावसात घसरलो होतो, तेव्हा क्लेम घेतला आणि बोनस शून्यावर आला. त्यानंतरची तीन वर्षं पाटी कोरी आहे, म्हणून यंदा नो क्लेम बोनस ३५ टक्के. ऐकायला भारदस्त वाटतं. पस्तीस टक्क्यांत आमच्या वेळी लोक मॅट्रिक होत आणि पेढे वाटत. पण ही सूट सगळ्या हप्त्यावर नसते. ती फक्त ‘ओन डॅमेज’वर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागावर. माझ्या म्हातारीचा तो भाग ४८० रुपये. त्याचे ३५ टक्के १६८. त्यावरचा वाचलेला १८ टक्के जीएसटी धरला तर १९८. भागिले ३६५.

या चोपन्न पैशांसाठी मी लाल सिग्नलला शेवटचा आकडा संपेपर्यंत थांबतो आणि मागच्या सात जणांचे हॉर्न कानामागे टाकतो. कोथिंबिरीची जुडी आणायलाही हेल्मेट घालून जातो, त्यामुळे भाजीवाली मला ओळखत नाही आणि उधार देत नाही. फोन वाजला की गाडी कडेला घेतो. खांदा आणि कान यांच्या मध्ये फोन दाबून, मान वाकडी करून गाडी हाकण्याची कला या शहरात पोराटोरांना येते. मला येत नाही. आणि या सगळ्या तपश्चर्येचं फळ म्हणून रोज पन्नास पैशांचं एक नाणं आणि वर चार पैसे. ते नाणं आता भिकारीसुद्धा परत करतो.

तुम्ही म्हणाल, उरलेल्या हप्त्यात काहीतरी असेलच की. आहे ना. थर्ड पार्टी. समोरच्याचं नुकसान भरून देण्यासाठी कायद्याने सक्तीचा असलेला भाग. याचे दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, १५०पर्यंत ७१४, ३५०पर्यंत १,३६६ आणि त्याच्या वर २,८०४. सरकारला इंजिनाचा स्वभाव बरोबर माहीत आहे. माणसाचा विचारलेला नाही. मी सातशे चौदा भरतो. माझ्याच मॉडेलवर तिघं बसून, मधल्याच्या मांडीवर गॅसची टाकी ठेवून, उलट्या बाजूने येणारा तरुणही सातशे चौदाच भरतो. भरत असेल तर. कारण रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त गाड्यांना विमाच नाही आणि त्यांत दुचाक्यांचीच गर्दी मोठी.

सवलती या तक्त्यातही आहेत, नाही असं नाही. गाडी विजेवर चालत असेल तर १५ टक्के सूट. शाळेची बस असेल तर १५ टक्के. मोटार व्हिंटेज म्हणून नोंदलेली असेल तर निम्मा हप्ता माफ. गाडी धूर सोडत नाही, गाडीत पोरं बसतात, गाडी म्हातारी झाली, सगळ्यांसाठी रकाना आहे. गाडी नीट चालवणाऱ्यासाठी तेवढा राहून गेला.

१ सप्टेंबर २०१८ पासून तर नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता शोरूममध्येच मोजावा लागतो. लोक पहिल्या वर्षानंतर विम्याकडे ढुंकून बघत नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ही सोय झाली, आणि ती योग्यच झाली. १५० सीसीपर्यंतच्या गाडीला ३,८५१ रुपये, एकरकमी. पुढची पाच वर्षं तुम्ही संत व्हा नाहीतर सैतान, पावती फाटून झालेली आहे.

आता आमच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका. काकांचा नो क्लेम बोनस ५० टक्के. शिडीची शेवटची पायरी. पहिल्या कोऱ्या वर्षाला २०, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्याला ५०, याच्या वर काही नाही. काका तिथे कित्येक वर्षं पाय सोडून बसले आहेत. ते रोज सकाळी दुधाला जातात ते उलट्या बाजूने. यू टर्न पाचशे मीटर पुढे आहे आणि पेट्रोल काही फुकट येत नाही. त्यांच्या दोन्ही आरशांची तोंडं आत वळवलेली आहेत, अंगण आखूड पडतं म्हणून. इंडिकेटर हा त्यांच्या मते गाडीचा दागिना आहे, सणासुदीला लावायचा.

मग क्लेम कसा नाही? मी एकदा विचारलं. काका दिलखुलास माणूस. म्हणाले, “अरे, क्लेम करायचा तर लायसन्स दाखवावं लागतं. माझं संपून दोन वर्षं झाली.”

म्हणजे बघा. लायसन्स नाही, म्हणून क्लेम करता येत नाही. क्लेम करता येत नाही, म्हणून क्लेम नाही. क्लेम नाही, म्हणून बोनस पन्नास टक्के. काकांच्या गाडीच्या अंगावरचे ओरखडे मोजले तर रांगोळीचं पुस्तक निघेल, पण कंपनीच्या दफ्तरी या भागातला सर्वांत जबाबदार चालक तळमजल्यावर राहतो. बोनसचं नावच नीट वाचा. ‘नो क्लेम’. ‘नो अ‍ॅक्सिडेंट’ असं त्यांनी कुठे म्हटलंय?

उलट माझं बघा. यंदाचा हप्ता भरून झाल्यावर, गेल्या महिन्यात, माझी स्कूटर पार्किंगमध्ये मधल्या स्टँडवर उभी होती. हँडल लॉक, इंजिन बंद, किल्ली घरात खुंटीला, मी जेवत होतो. याहून जबाबदारीने गाडी चालवणं मनुष्यमात्राला शक्य नाही. कुणीतरी मोठी गाडी मागे घेताना तिला लोळवली आणि निघून गेलं. कॅमेरा होता. त्याच्या पुढ्यात कबुतराचं घरटंही होतं. बिल झालं अठराशे. बाराशेचं प्लास्टिक, सहाशे मजुरी.

कंपनीकडे गेलात की कळतं, प्लास्टिकचे, रबराचे भाग निम्म्या किमतीचे धरतात. म्हणजे बाराशेचे सहाशे. मजुरी सहाशे. त्यातून आपण सोसायचे शंभर वजा. हातात अकराशे. आणि बोनस शून्य. चूक कुणाची, हा प्रश्न त्या फॉर्मवर नुसता शोभेला असतो. स्वतःच्या नुकसानीचा पैसा घेतला ना, मग उतरा शिडीवरून खाली.

जाणकार लोक सांगतात, छोटा क्लेम करू नये. किती छोटा, ते सांगत नाहीत. मी वही घेऊन बसलो. क्लेम नाही केला तर पुढल्या वर्षी ४५ आणि मग कायम ५०. केला तर शून्य, २०, २५, ३५, ४५ आणि मग ५०. फरक पहिल्या वर्षी ४५ टक्क्यांचा, मग ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२० टक्के. ४८०चे १२० टक्के ५७६, वर जीएसटी, झाले ६८० रुपये. पाच वर्षं स्कूटर जगली आणि हप्ता तेवढाच राहिला, तर क्लेमची खरी किंमत ६८०. कंपनी हातावर टेकवणार तो आकडा याच्या खाली असेल तर गप्प बसावं, वर असेल तर अर्ज भरावा. नवी, महागडी मोटरसायकल असेल तर ओन डॅमेजचा भागही मोठा असतो आणि ही रेघ कितीतरी वर सरकते. आपापला आकडा घालून वहीत करून बघा, पाचवीचं गणित आहे.

माझ्या गणिताने ११०० वजा ६८०, म्हणजे ४२० रुपयांचा फायदा निघत होता. मी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, “अहो, चारशे वीसच निघाला ना आकडा? मग तो कोण कोणाला करतंय ते आधी बघा.” सर्व्हेअर येणार, गाडी दोन दिवस गॅरेजात, माझी एक रजा. गेलो नाही. अठराशे खिशातून भरले आणि शिडीवरची जागा राखली.

नियम पाळणाऱ्याला इतकी घासाघीस करून १९८ रुपये मिळतात हे सांगितल्यावर, मोडणाऱ्याला काय मिळतं तेही सांगायला हवं. तेलंगणात मार्च २०२२ मध्ये थकलेल्या चलनांवर दुचाकीवाल्यांना ७५ टक्के सूट दिली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा दिली, आणि ती थेट ८० टक्के. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के दिली, तेव्हा भरायला झुंबड उडाली. आपल्याकडे लोक अदालत असते, तिथे तडजोडीत दंड उतरतो, आणि तारीख जवळ आली की लोक एकमेकांना मेसेज पाठवतात, “आत्ता भरू नका, थांबा.” पाच वर्षं एकही ओरखडा न काढणाऱ्याला पन्नास टक्के, तेही एका तुकड्यावर. पाच वर्षं सिग्नल तोडणाऱ्याला ऐंशी टक्के, तेही सगळ्यावर. आमच्या घरात याला सेल म्हणतात.

अमेरिकेत मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा प्रशिक्षणवर्ग केला की अनेक विमा कंपन्या हप्त्यात सूट देतात. आपलं प्रशिक्षण म्हणजे आरटीओत आठ काढणं. तो आठ आयुष्यात एकदा काढायचा असतो, पाय न टेकता. त्यानंतर माणूस रस्त्यावर जे काढतो त्याला आकड्याचं नाव नाही.

तसा प्रयत्नच झाला नाही असं म्हणू नका. विमा नियामकाने नेमलेल्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये एक अहवाल मांडला. गुन्ह्याप्रमाणे गुण. दारू पिऊन चालवलं तर १००, चुकीच्या जागी गाडी लावली तर १०, आणि गुणांनुसार पुढच्या विम्यात जादा हप्ता. सुरुवात दिल्लीत करून बघा, असंही सुचवलं. कल्पना झकास. पण त्यातही पळणाऱ्याला बक्षीस नव्हतंच, पडणाऱ्याला छडी होती. आणि तो हप्ता गाडीच्या नोंदणीकृत मालकाने भरायचा. आपल्याकडे गाडी असते वडिलांच्या नावावर, चालवतो धाकटा, पेट्रोल टाकते ताई. गुण मिळवायचे धाकट्याने आणि पास-नापास व्हायचं वडिलांनी, म्हणजे दहावीचंच वर्ष परत. अहवाल आला, बातम्या झाल्या, आणि माझ्या पॉलिसीच्या कागदावर तो रकाना अजून उगवलेला नाही.

मग जुलै २०२२ मध्ये नियामकाने दार थोडं किलकिलं केलं. जेवढी चालवाल तेवढा हप्ता, आणि जशी चालवाल तसा हप्ता, अशी कवचं ओन डॅमेजबरोबर विकायला कंपन्यांना परवानगी मिळाली. पहिला प्रकार घरात बसणाऱ्या माझ्यासारख्याला सोयीचा आहे; वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्याने जरूर चौकशी करावी. दुसऱ्यात चालवणं मोजायला यंत्र किंवा फोनमधलं अ‍ॅप लागतं. ते वेग बघणार, झटके बघणार, अचानक ब्रेक बघणार. आता आमच्या रस्त्यावर मी खड्डा बघून ब्रेक दाबला, खड्डा चुकवला, पुढच्या न रंगवलेल्या स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाकांनी उडालो आणि कुत्र्यासाठी कचकन थांबलो, तर फोनला काय वाटेल? की हा गृहस्थ प्यायलेला आहे. आणि काका? काका कशालाच ब्रेक दाबत नाहीत. शंभरपैकी शंभर.

यंदा एजंटचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, हप्ता कमी करायचा काही मार्ग? त्याने तीन सांगितले. पहिला, “सर, नो क्लेम पन्नास टाकून देतो, कोण बघतंय?” बघतात. कंपनी आधीच्या कंपनीला विचारते, आणि खोटा बोनस सापडला तर ऐन क्लेमच्या वेळी ओन डॅमेजवर पाणी सोडावं लागतं. दुसरा, “गाडीची किंमतच कमी दाखवू.” हप्ता उतरतो खरा. गाडी चोरीला गेल्यावर तीच किंमत हातात पडते, तेव्हा एजंटचा फोन लागत नाही.

तिसरा मार्ग सगळ्यात लोकप्रिय. “जुनी गाडी आहे, फक्त थर्ड पार्टी घ्या ना.” यात एक गंमत आहे. पहिला पक्ष तुम्ही, दुसरा पक्ष कंपनी, तिसरा पक्ष रस्त्यावरचा. मागच्या सीटवर तुमच्या खांद्याला धरून बसलेली बायको कोणता पक्ष? कोणताच नाही. कायद्यापुरत्या पॉलिसीत मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ आणि २००८ मध्ये सांगितलेलं आहे. संपूर्ण पॉलिसी असेल तर येते. तीन-चारशे वाचवताना आपण नेमकं कोणाला गाडीवरून उतरवतोय, हे एजंट सांगत नाही. बायकोला तर मुळीच सांगत नाही.

तसंच ते पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कवच. सक्तीचं आहे, ते मालक-चालकासाठी. मालकाने स्वतः चालवायला हवी आणि लायसन्स चालू हवं. बाबांच्या नावावरची स्कूटर घेऊन लेक कॉलेजला जाते, तेव्हा ते पंधरा लाख बाबांबरोबर घरी पेपर वाचत बसलेले असतात. लेकीचं कवच वेगळं घ्यावं लागतं.

आणि हेल्मेट. २०१९च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीच्या निषेधार्थ डोक्यावर पगड्या चढवून रस्त्यावर उतरलेलं हे शहर आहे, तेव्हा जपून बोलतो. हेल्मेट न घातल्याने हप्ता एक रुपयाही वाढत नाही. फक्त मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ड नुसार एक हजार दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. त्या तीन महिन्यांत गाडी काढली आणि काही झालं, तर आपल्या गाडीचा क्लेम विसरायचा. समोरच्याला कंपनी देईल आणि मग ती रक्कम वसूल करायला तुमच्या दारात येईल. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेली ५०,०२९. या वाक्यांवर मला कोटी सुचली नाही.

शेवटी मी काहीही कमी न करता सगळं भरलं. मुदत संपायच्या चार दिवस आधी, कारण मुदत उलटून नव्वद दिवस गेले की साठवलेला बोनसही उलटतो. आणि गाडी विकली तर बोनस गाडीबरोबर द्यायचा नसतो, तो माणसाचा असतो, पत्र घेऊन तीन वर्षं जपून ठेवता येतो, हेही एजंटलाच सांगितलं. तो म्हणाला, “सर, तुम्हाला बरंच माहीत आहे.” पावती मोबाइलवर आली.

संध्याकाळी दूध आणायला निघालो. डोक्यावर हेल्मेट, डाव्या हाताला कड, गल्लीच्या तोंडाशी इंडिकेटर. समोरून काका. माझ्याच बाजूने, आरसे आत, हँडलला दोन पिशव्या. गल्ली अरुंद. दोघांपैकी एकाला गाडी मागे घ्यावी लागणार होती. काका पन्नास टक्क्यांचे, मी पस्तीसचा. काकांनी हॉर्न दिला.

पाय टेकवत टेकवत मी स्कूटर मागे घेतली. पुढच्या वर्षी पंचेचाळीस व्हायचे आहेत.